स्वमग्न मुलांच्या थेरपीचा खर्च विधानसभेपर्यंत कसा न्यावा

सातारा-सांगलीतल्या स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या पालकांनो, मुलाचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलंय आणि निरामय हा दिव्यांगांसाठीचा सरकारी आरोग्य विमा घेतलाय, असं धरून चालते. नसेल तर आधी ते उरका. निरामयमध्ये वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण मिळतं, आणि ते न घेता कुणाच्या दारात गेलात तर पहिल्याच वाक्याला तुम्हाला गप्प बसवतात.

आता 'ऑटिझमच्या थेरपीचा खर्च विमा कंपन्यांवर सक्तीचा करा' अशी जी नमुना पत्रं मोबाईलवर फिरतात, त्यांच्याबद्दल. अमेरिकेतल्या पालकांची पत्रं मराठीत करून आमदारांना देऊ नका. तिथे विमा कंपन्यांवर राज्यांचे कायदे चालतात, म्हणून तिथल्या आईबापांनी आपापल्या राज्यात ऑटिझमचं संरक्षण सक्तीचं करून घेतलं. आपल्याकडे विमा हा विषय संविधानाच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या सूचीत आहे. मला हे ठाऊक नव्हतं. विट्याहून सांगलीला थेरपीसाठी जाताना एसटीत बसून मी चौदा पानी निवेदन लिहिलं होतं, 'विमा कंपन्यांना सक्ती करा' म्हणून. चार महिन्यांनी दोन ओळी आल्या: विषय केंद्र शासनाच्या अखत्यारीतील आहे. संपलं.

राज्याकडे मागायचं ते राज्याच्या हातातलं. दिव्यांगांना साहाय्य आणि सार्वजनिक आरोग्य हे दोन्ही राज्य सूचीतले विषय. दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ चं कलम २४ नीट वाचा. ज्या दिव्यांगांना कर्मचारी राज्य विमा किंवा दुसऱ्या सरकारी योजनेचं छत्र नाही, त्यांच्यासाठी सर्वसमावेशक विमा योजनेचा उल्लेख तिथे स्पष्ट आहे. 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' अशी पळवाटही त्यातच आहे, ती आधीच ओळखून ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना तर राज्याचीच. तिची घडण दवाखान्यात दाखल होण्याभोवती आहे, आणि आपली मुलं दाखल होत नाहीत, आठवड्यातून दोनदा तासभर येऊन जातात. दाखल न होता घेतलेल्या थेरपीचा खर्चही योजनेत घ्या, ही मागणी इथे बसते.

आकडे माहिती अधिकारातून काढा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. ग्रामपंचायतीला विचारा की स्वउत्पन्न किती, त्यातला दिव्यांगांसाठी खर्च करायचा पाच टक्के हिस्सा किती, आणि तो कशावर गेला. आमच्या जवळच्या एका गावात यादीत स्वमग्न मूल एकही नव्हतं, कारण सगळी 'मतिमंद' या रकान्यात टाकलेली. असं काही सापडलं की कागद जपून ठेवा.

आता खरं अवघड काम. आमदारांच्या कार्यालयात रोज निवेदनांचा ढीग पडतो. माझी चौदा पानं पीएने लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यावर ठेवली आणि म्हणाला, "ताई, हे वाचणार कोण? एका पानात प्रश्न करून आणा, साहेब सही करतील." प्रश्न म्हणजे काय हे मला तेव्हा समजलं. विधानसभेतल्या तारांकित प्रश्नाला, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्यांकडून सभागृहात तोंडी मागितलं जातं त्या प्रश्नाला, ठरलेला साचा असतो. पहिल्या भागात वस्तुस्थिती, शेवटी 'हे खरे आहे काय'. मग 'असल्यास' शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. आणि शेवटी 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत'. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर जुन्या प्रश्नोत्तरांच्या याद्या आहेत. चारपाच वाचल्या की हात बसतो.

फसगत होते ती पहिल्या भागात. पहिल्या खेपेला मी लिहिलं, एका शासकीय केंद्रात स्पीच थेरपिस्टची दोन्ही पदं दोन वर्षांपासून रिक्त आहेत. प्रश्न दिला त्याच्या पंधरा दिवस आधी त्यातलं एक पद कंत्राटी भरलं गेलं होतं. मी चौकशी केली नव्हती. उत्तर छापून आलं: (१) हे खरे नाही. (२) प्रश्न उद्भवत नाही. (३) प्रश्न उद्भवत नाही. एका चुकीच्या शब्दाने सगळा प्रश्न बुडाला. 'दोन्ही' ऐवजी 'मंजूर पदांपैकी किमान एक' लिहिलं असतं तर खात्याला निसटता आलं नसतं. तेव्हापासून पहिल्या भागात मी एकच वस्तुस्थिती ठेवते, तीही ज्याचा कागद हातात आहे तीच. विशेषणं काढते. 'अत्यंत दयनीय', 'हालअपेष्टा' असलं काही लिहिलं की खात्याला 'हे अंशतः खरे आहे' म्हणायची आयती सोय होते.

दुसरी ठेच लागली ती खात्याची. फुले योजनेतली थेरपी आणि शासकीय थेरपी केंद्रातली पदं सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, ग्रामपंचायतीचा पाच टक्के ग्रामविकासकडे, नगरपालिकेचा नगरविकासकडे, विशेष शाळा दिव्यांग कल्याणकडे. चारही एका प्रश्नात कोंबलेत तर तो प्रश्न या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. एक खातं, एक प्रश्न. कुणी म्हणेल सगळं एकत्र मांडलं की वजन पडतं. निवेदनाला पडत असेल, प्रश्नाला नाही.

द्यायचा कुणाला? सातारा आणि सांगली मिळून सोळा आमदार आहेत. आपल्या मतदारसंघाच्या आमदाराला द्याच, पण पुणे पदवीधर आणि पुणे शिक्षक मतदारसंघांत आपले दोन्ही जिल्हे येतात, त्यामुळे विधानपरिषदेचाही दरवाजा आहे. अधिवेशनाच्या किमान दीड महिना आधी गाठा. नागपूरच्या अधिवेशनासाठी दिवाळीनंतर जागे झालात तर उशीर झालेला असतो.

तारांकित प्रश्न सभागृहात चर्चेला येईलच असं नाही, बरेचसे लेखी उत्तरावरच थांबतात. नाराज होऊ नका, लेखी उत्तरही उपयोगाचं असतं. विषय तातडीचा असेल तर पीएला लक्षवेधी सूचनेचं सुचवा, म्हणजे तातडीच्या विषयाकडे आमदाराने मंत्र्यांचं लक्ष वेधायचं; त्यावर मंत्र्यांना सभागृहात निवेदन करावं लागतं आणि उपप्रश्नही होतात.

मंत्री सभागृहात 'तपासून निर्णय घेऊ' म्हणाले की तारीख लिहून घ्या. सभागृहात दिलेल्या आश्वासनांवर लक्ष ठेवायला आश्वासन समिती असते, तिच्याकडे पाठपुरावा आमदारांमार्फत करता येतो. आणि उत्तराची छापील प्रत आली की लॅमिनेट करून भिंतीला लावू नका. झेरॉक्स काढा आणि पुढच्या महिन्यात जिल्हा परिषदेत समाजकल्याणच्या टेबलावर एक ठेवून या, पोच घेऊन.