डाव्या हाताचा गळा : सिंथेसायझरवर राग वाजवू पाहणाऱ्यांसाठी

सिंथेसायझर घेतला तेव्हा मी सांगलीत गाणं शिकत होते आणि पेटी बऱ्यापैकी वाजवत होते. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात यमनच्या ताना बोटांत बसल्या. पेटीपेक्षा पट्ट्या हलक्या, आवाज मोठा, भात्याची कटकट नाही. मी खूश होऊन माझ्या गाण्याच्या बाईंना ऐकवायला गेले. त्यांनी डोळे मिटून दहा मिनिटं ऐकलं आणि विचारलं, "डावा हात काय करतोय गं?"

डावा हात मांडीवर होता.

"पेटीला तो भाता मारतो, म्हणजे श्वास देतो. इथे त्याला काहीच काम नाही? मग तू पेटीच वाजवतेयस. फक्त आवाज बदललाय."

मी उजव्या हाताचीच तयारी करत बसले होते आणि त्यात माझं दीड वर्ष गेलं. तुमचं जाऊ नये म्हणून हे लिहिते आहे. सिंथेसायझरवर उजवा हात फक्त स्वरांची नावं सांगतो. गळा डाव्या हातात असतो, पिच बेंडच्या व्हीलवर, म्हणजे वाजता स्वर वरखाली सरकवणाऱ्या चाकावर.

पेटीवर काय आक्षेप होते ते आधी समजून घ्या, म्हणजे आपण कशाच्या मागे आहोत ते कळेल. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत उठली नाही. मुख्य तक्रारी दोन. एक, पेटीवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, निघत नाही, स्वर एकेक पायरीसारखे सुटे पडतात. दुसरी, सप्तकाचे बारा सारखे भाग केल्यामुळे तिचे बरेच स्वर आपल्या गाण्यातल्या जागी नसतात. दुसऱ्या तक्रारीवर आमच्याच गावात त्याआधी कितीतरी वर्षं काम झालं होतं. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातले स्वर मोजले. पुढे न्यायाधीश क्लेमंट्स यांच्या साथीने श्रुतींची, म्हणजे स्वरांच्या बारीक जागा दाखवणारी, पेटी तयार झाली आणि १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली गेली. तिथे तिच्यावर भरपूर टीका झाली, पण प्रश्न खरा होता. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी बनवून तोच धागा पुढे नेला. मींड मात्र पेटीला कधीच साधली नाही. सिंथेसायझरकडे दोन्ही तक्रारींची उत्तरं आहेत, आणि शास्त्रीय संगीतासाठी हे वाद्य मी मनापासून धरलं ते याचसाठी.

आधी स्वर लावून घ्या. कारखान्यातून आलेल्या वाद्यात शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो (एका सप्तकाचे १२०० सेंट). तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो तो ३८६ वर असतो. शुद्ध धैवत ९०० ऐवजी ८८४ वर, कोमल गंधार ३०० ऐवजी ३१६ वर. पंचमाचा फरक जेमतेम दोन सेंटचा, तो सोडून दिलात तरी चालेल. बऱ्याच वाद्यांत 'स्केल ट्यूनिंग' नावाची सोय असते, तिथे प्रत्येक पट्टी अशी वरखाली करता येते. पण आकडे भरून थांबू नका. तंबोरा चालू ठेवून गंधाराची पट्टी दाबून धरा आणि त्या दोन गंधारांत थरथर उरली आहे का ते ऐका. ती थांबेपर्यंत फिरवत राहा. आकडा तुम्हाला जवळ नेतो, शेवटचे दोन-तीन सेंट कानाचे असतात.

आता मींड, कारण सगळं त्यातच आहे.

मिडीच्या, म्हणजे डिजिटल वाद्यांच्या सामाईक भाषेत बेंडचे १६,३८४ टप्पे असतात, त्यामुळे पायऱ्या ऐकू येतील ही भीती बाळगू नका. अडचण असते ती अंगठ्याची आणि स्प्रिंगची. बहुतेक वाद्यांत व्हीलची मजल, म्हणजे ती स्वराला जास्तीत जास्त किती लांब नेते ते अंतर, कारखान्यातून दोन अर्धस्वरांची (लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक अर्धस्वर) लावलेली असते. एका स्वराच्या मींडेला तेवढी पुरते, पंचमावरून गंधारावर यायला पुरत नाही. मी पाच अर्धस्वर ठेवते. बाराही ठेवता येतात, पण मग अंगठा जरा हलला तरी स्वर घसरतो आणि बारीक आंदोलन, म्हणजे स्वराचं संथ झुलणं, हाती लागत नाही.

नवखा माणूस साहजिकच मूळ स्वराची पट्टी दाबतो आणि व्हील ओढत दुसऱ्या स्वरापर्यंत जातो. तिथे तो हमखास चुकतो, कारण व्हीलच्या वाटेवर गंधाराची खूण कुठेच नसते. व्हीलवर खात्रीची जागा एकच, मधली, जिथे स्प्रिंग तिला परत आणते. म्हणून मींडेचा मुक्काम त्या मधल्या जागेवर येईल असं वाजवा. भूप रागातली पंचमावरून गंधाराची मींड घ्या. व्हील आधीच वर ढकलून ठेवा, मग पट्टी गंधाराची दाबा. ऐकू येईल पंचम. आता अंगठा न उचलता हळूहळू मध्यावर या, गंधार आपल्या जागी येऊन बसेल. अंगठा सोडला तर स्प्रिंग टणकन परत येते आणि मींडेचं तिथेच मातेरं होतं, म्हणून व्हील सोडायची नाही, तिला सोबत घेऊन यायचं. पंचमावर आधी लांब थांबायचं असेल तर मात्र पंचमाचीच पट्टी दाबून व्हील खाली आणावी लागते, आणि तिथे गंधार कानानेच पकडावा लागतो.

भूप मी मुद्दाम सांगते आहे. पंचमावरून गंधार आणि तार षड्जावरून धैवत ही दोन्ही अंतरं स्वर नीट लावल्यावर सारखी, ३१६ सेंटची होतात. म्हणजे अंगठ्याला एकच अंतर शिकायचं आहे आणि ते आलापभर पुन्हा पुन्हा येणार आहे. पहिले तीन महिने एवढं एकच केलंत तरी पुष्कळ झालं. हाताला ते बसलं की देशकार राग घ्या. स्वर तेच पाच, पण तिथे धैवत बोलतो आणि गंधारावर भूपासारखं रेंगाळायचं नसतं. नुसत्या पट्ट्या दाबल्या तर हे दोन राग तुमच्या हातून एकच होतील.

बाकीचं थोडक्यात. वाद्य मोनोमध्ये ठेवा, म्हणजे एका वेळी एकच स्वर वाजेल, आणि लेगाटो चालू ठेवा. मग एका पट्टीवरून दुसरीवर जाताना स्वराला नवा धक्का बसत नाही, आकारात म्हटल्यासारखं वाटतं. शेवटच्या स्वराला प्राधान्य देणारी सोय असेल तर ती वापरा. षड्ज दाबून ठेवून ऋषभाला नुसता स्पर्श केला की बोट उचलताच षड्ज आपोआप परत येतो. कण आणि मुरकी, म्हणजे स्वराला दिलेले असे झटपट स्पर्श, यातूनच निघतात. ग्लाइड, म्हणजे पट्टी बदलताना स्वर आपोआप घसरवणारी सोय, मात्र मींडेला पर्याय नाही. त्याचा वेग आधी ठरलेला असतो, आणि गवई मूळ स्वराजवळ रेंगाळून मग निघतो, ते त्याला कळत नाही. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलंडच्या वाद्यांवर दहा रागांची तबकडी केली, त्यात हे घसरते स्वर भरपूर आहेत आणि तिथे ते फार देखणे लागतात. पण ती यंत्राच्या ठेक्यावरची गती आहे. विलंबित आलापात तसं करू नका. मॉड्युलेशन व्हीलचा कंपही बंद ठेवा, आंदोलन अंगठ्यानेच घ्यायचं.

'सतार' किंवा 'बासरी' नावाचे तयार आवाज मी कधीच वापरत नाही. ऐकणारा लगेच खऱ्या सतारीशी तुलना करतो, आणि ती तुलना रास्तच असते. सिंथेसायझरची साधी, धारदार आवाजाची सॉटूथ लहर घ्या, फिल्टरने तिची धार कमी करा, स्वराची सुरुवात किंचित मऊ ठेवा आणि आवाजाची चढउतार एक्स्प्रेशन पेडलने पायावर घ्या. पायपेटी वाजवलेल्यांना हे लवकर जमतं. तंबोरा मात्र वेगळ्या यंत्रावर किंवा वेगळ्या मिडी चॅनेलवर हवा, कारण बेंड संपूर्ण चॅनेलला लागू होतं. एकाच चॅनेलवर ठेवलात तर मींडेबरोबर षड्जही घसरेल.

महागडं वाद्य लागत नाही. खरेदीच्या वेळी तीनच गोष्टी विचारा: बेंडची मजल बदलता येते का, प्रत्येक स्वर वेगळा लावता येतो का, मोनो-लेगाटो आहे का. कॉर्गच्या मोनोलॉगसारख्या छोट्या, एकस्वरी वाद्यात पट्ट्या पंचवीसच असतात, पण स्वर हवे तसे लावता येतात. मंद्र पंचमापासून तार पंचमापर्यंत जायला पंचवीस पट्ट्या पुरतात.

बैठकीत मी एक चूक केली होती, ती तुम्ही करू नका. घरी मी काळी एकमध्ये, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीला षड्ज धरून, रियाज करत होते, आणि कार्यक्रमात गायिकेच्या सोयीने पांढरी चार धरली. स्केल ट्यूनिंगचा आधारस्वर बदलायचा राहिला. उतरवलेला गंधार भलत्याच पट्टीवर गेला आणि पहिल्या आलापात माझा एकही स्वर तंबोऱ्याला लागेना. तेव्हापासून तंबोरा लागला की मी आधी सा, ग, प हळूच तपासते आणि मगच मान वर करते. आणखी एक. सभागृहातल्या वायरिंगमधून येणारी गुणगुण ५० हर्ट्झची असते, म्हणजे पांढरी पाचच्या किंचित वर. ती तंबोऱ्याखाली सतत बेसूर वाजत राहते आणि गवयाला त्रास देते. अर्थिंग आधी बघून घ्या. आणि स्वतःचा छोटा स्पीकर शेजारी जमिनीवर ठेवा, म्हणजे आवाज तुमच्या जागेवरूनच येईल आणि तबलजीला तुमच्याकडे बघत वाजवता येईल.

पोटापाण्याचं खरं ते सांगते. माझं घर शिकवण्या आणि गणपती-नवरात्रातल्या ऑर्केस्ट्रा यांवर चालतं. स्वतंत्र रागवादनाला वर्षात मोजक्याच बैठकी मिळतात, आणि त्यांतही काही जण वाद्य बघूनच पाठ फिरवतात. त्यांच्याशी वाद घालत बसत नाही. आलापाची पहिली पाच मिनिटं त्यांनी थांबून ऐकली तर बरेचसे पुढेही बसतात.

बाई आता ऐंशीच्या पुढे आहेत. भूप त्यांनी मागच्या वर्षी पास केला आणि लगेच दरबारी राग समोर ठेवला. त्यातला कोमल गंधार एका जागी थांबत नाही, ऋषभाच्या अंगाने झुलत राहतो, आणि मधल्या जागेवर मुक्काम करण्याची माझी सगळी युक्ती तिथे निकामी ठरते. सध्या मजल पाचवरून तीनवर आणली आहे आणि पट्टी गंधाराऐवजी ऋषभाची दाबून बघते आहे. झोल येतो, पण अजून थोडा घाईचा येतो.