मुलांची झोप कशी बसवावी? आधी घरातली ट्यूबलाइट बंद करा

गेल्या वर्षी जूनमधली गोष्ट. रात्रीचे साडेअकरा वाजलेले आणि आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या घरात पाच माणसं, पाचही जागी. सासूबाई टीव्हीसमोर. नवरा सेकंड शिफ्ट करून नुकताच शिरोली एमआयडीसीतून आलेला. पाचवीतला धाकटा बाबांशी गादीवर कुस्ती खेळतोय, नववीतली मुलगी उघड्या वहीखाली मोबाइल धरून बसलीय, आणि मी ओट्यापाशी उभी राहून ओरडतेय, "झोपा की आता!" सकाळी साडेसहाला रिक्षा आली तेव्हा धाकटा शेजारच्या पोराच्या दप्तरावर डोकं टाकून पुन्हा झोपला. रिक्षावाले मामा म्हणाले, "वैनी, रोज असंच असतंय. शाळेच्या दारात हलवून उठवतोय मी ह्याला."

त्या दिवसापासून ओरडणं कमी केलं आणि घड्याळाकडं बघायला लागले. पुढं लिहिलंय ते आमच्या घरात करून बघितलेलं आहे. काही जमलं, काही अजून अर्धवट आहे.

पहिलं काम: आठवडाभर नुसतं लिहून ठेवा

भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपण दुधाचा हिशेब मांडतो, त्याच चौकोनात प्रत्येक मुलाची झोप लागल्याची आणि उठल्याची वेळ लिहा. अंथरुणात गेल्याची वेळ नको, झोप लागल्याची. सात दिवस काहीही बदलू नका, कुणाला बोलू नका. आमच्या कॅलेंडरवर धाकट्याची झोप सव्वासहा तास निघाली. मला वाटत होतं आठ तरी असेल.

आता हे आकडे बाजूला ठेवून ताडून बघा. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेनं 2016 मध्ये दिलेलं आणि जगभर वापरलं जाणारं प्रमाण असं आहे: 1 ते 2 वर्षं वयाला 11 ते 14 तास, 3 ते 5 ला 10 ते 13 (दोन्हींत दुपारची झोप धरून), 6 ते 12 ला 9 ते 12, आणि 13 ते 18 ला 8 ते 10. मोठ्या माणसाला किमान 7. म्हणजे पावणेसहाला उठवायच्या पाचवीतल्या पोराला पावणेनऊला झोप लागलेली हवी. हे गणित मांडलं तेव्हा मी खरंच खुर्चीत बसले.

इथं शाळेचं सांगायला हवं. राज्य सरकारनं फेब्रुवारी 2024 मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं, ते मुलांच्या झोपेसाठीच. पाचवी लागली की ते संरक्षण संपतं. जणू चौथीच्या निकालाबरोबर पोराला तीन तास झोप कमी लागायला लागते! शाळेची वेळ आपल्या हातात नाही, त्यामुळं दुसऱ्या टोकाला हात घालावा लागतो.

उठायची वेळ आधी ठरवा

बहुतेक घरांत उलटं करतात. आजपासून नऊला झोपायचं असं फर्मान निघतं, पोरगं दहापर्यंत तळमळतं, आणि तिसऱ्या दिवशी सगळे कंटाळतात. शरीराच्या आत एक घड्याळ चालतं आणि ते सकाळच्या उजेडानं लागतं. म्हणून आधी उठायची वेळ पक्की करा. रविवारी तासभर उशीर चालेल, त्याहून जास्त नको. रविवारी अकराला उठलेलं मूल रात्री बारापर्यंत टक्क जागं राहतं आणि सोमवारी सकाळी घरात महाभारत होतं.

उठल्यावर पंधरा-वीस मिनिटं उघड्यावर काढायची. गच्ची, गॅलरी, दारातला कट्टा, काहीही चालतं. दूध आणायला पोरालाच पाठवा. आम्ही रविवारी सगळे रंकाळ्याला चक्कर मारतो. डिसेंबर-जानेवारीत कोल्हापुरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, तेव्हा सकाळच्या शाळेची पोरं अंधारातच निघतात. त्यांना मधल्या सुट्टीत तरी मैदानावर जाऊ द्या, डबा वर्गात खाऊन तिथंच बसू नका म्हणावं.

झोपायची वेळ एकदम ओढू नका. दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडं आणा. साडेअकरावरून सव्वानऊवर यायला आम्हाला जवळजवळ चार आठवडे लागले.

आता संध्याकाळ, म्हणजे खरी लढाई

अंधार पडला की मेंदूतून मेलाटोनिन नावाचं संप्रेरक सुटायला लागतं आणि शरीराला रात्र झाल्याचं कळतं. आपण मात्र साडेदहापर्यंत पांढरी ट्यूबलाइट जाळून त्याला दुपार दाखवत बसतो. आम्ही साडेआठला बाहेरच्या खोलीतली ट्यूब बंद करून कोपऱ्यात एक कमी वॅटचा पिवळा दिवा लावायला लागलो. साठ-सत्तर रुपयांचं काम. पहिल्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "लाइट गेली काय गं?" आता साडेआठला बटण त्याच बंद करतात.

त्यांच्या मालिकांचं प्रकरण नाजूक होतं. आयुष्यभर राबलेल्या बाईला रात्री दोन तास टीव्ही बघू नका म्हणायला माझी जीभ रेटेना. शेवटी मी म्हटलं, "आई, तुमची नऊची मालिका दुसऱ्या दिवशी दुपारी परत लागते. तेव्हा मीपण तुमच्याबरोबर बघीन." मी बरोबर बसते म्हटल्यावर जमलं. साडेआठची त्या अजून रात्रीच बघतात, आवाज कमी करून. एवढं चालतं.

जेवण झोपायच्या दोन तास आधी व्हावं. बुधवारी-रविवारी आपल्याकडं मटण असतंच, आणि रात्री दहाला तांबडा-पांढरा ओरपून आडवं झाल्यावर छातीत जळजळून मोठ्यांचीही झोप उडते. आम्ही रविवारचं मटण दुपारी नेलं. बुधवारचं अजून जमलेलं नाही.

चहाकडंही बघा. संध्याकाळी सहाला खारीबरोबर कपभर चहा पोरांना सर्रास मिळतो. पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मं पाच-एक तासांनंतरही अंगात असतं, म्हणजे सहाचा चहा रात्री अकराला जागाच. दुपारनंतर पोरांना चहा, कोला आणि डब्यातली ती एनर्जी ड्रिंक्स देऊ नका.

झोपायच्या आधीचा अर्धा तास

लहान मुलांना रोज तोच क्रम लागतो. पाय धुणं, दात घासणं, उद्याचं दप्तर भरून दाराशी ठेवणं, आजीजवळ एक गोष्ट, दिवा बंद. क्रम काय आहे याला महत्त्व कमी, तो रोज तोच असण्याला जास्त. दप्तर मात्र यात घ्याच. 'कंपास कुठाय' ही आठवण अंथरुणात पडल्यावरच येते.

वीस मिनिटांत झोप लागली नाही तर मुलाला अंथरुणात तळमळत ठेवू नका. उठवून मंद उजेडात बसवा, एखादं पुस्तक चाळू द्या, डोळे जड झाले की परत पाठवा. गादी म्हणजे भांडणाची जागा अशी एकदा मनात बसली की ती सवय मोडायला फार वेळ जातो.

तान्ह्या बाळाचं वेगळं. वर्षाच्या आतल्या बाळाला नेहमी पाठीवरच झोपवावं, तुमच्याच खोलीत पण स्वतंत्र सपाट अंथरुणावर, उशी आणि जाड गोधडी न देता. आणि बाळ झोपावं म्हणून जायफळ उगाळून चाटवणं बंद करा. जास्त झालं तर ते विषारी ठरतं.

नववी-दहावीच्या पोरांशी असं वागा

माझी सगळ्यात मोठी चूक मुलीच्या बाबतीत झाली. दीड वर्ष मी तिला आळशी म्हणत होते. वयात येताना शरीराचं घड्याळच तास-दोन तास पुढं सरकतं. मेलाटोनिन उशिरा सुटतं, त्यामुळं साडेनऊला दिवा बंद केला तरी त्यांना झोप येत नाही. पहाटे साडेपाचला उठवणं म्हणजे त्यांना भर मध्यरात्री उठवल्यासारखं होतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2014 मध्येच या वयाच्या शाळा साडेआठच्या आधी सुरू करू नयेत असं म्हटलं होतं.

आणि आपल्याकडं सहाची बॅच असते. तिची शाळा अकराची, पण गणिताची शिकवणी पहाटे सहाला. एका रात्री मी तिच्या अंथरुणावर बसून विचारलं, "तुला वेळ बदलता आली तर काय बदलशील?" ती म्हणाली, "मी संध्याकाळच्या बॅचला जातो की. सकाळी मी तिथं नुसता बसतो, कळत काय नाही." (कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी: आमच्याकडं पोरी असंच बोलतात.) बॅच बदलली. आता ती साडेदहाला झोपते, सातला उठते. आठवडाभर शाळा अकराची पण शनिवारी सकाळची, असं ज्यांचं असतं त्यांनी शुक्रवारची रात्र जपावी. तिथं घसरलं की रविवारी मूल दुपारपर्यंत लोळतं.

यावर सासूबाईंचा एक हुकमी प्रश्न असायचा: "तालमीतली पोरं चारला उठतात, मग हिला काय होतंय?" तालमीतली पोरं उठतात हे खरंच आहे. पण पैलवान जोर-बैठका झाल्या, खुराक झाला की दुपारी ताणून देतो आणि रात्री नऊच्या ठोक्याला आडवा होतो. तिथं रात्री बारापर्यंत रील्स बघत बसला तर वस्तादच पाठीत धपाटा घालेल. पहाटे उठायचं असेल तर पैलवानाची पूर्ण दिनचर्या घ्यावी, अर्धी नको.

मोबाइलचा नियम एकच ठेवा आणि तो सगळ्यांना लावा. आमच्या घरात साडेनऊनंतर सगळे फोन स्वयंपाकघरात, फ्रिजवर, चार्जिंगला. आईबाबांचेही. पहिल्या आठवड्यात नियम मी स्वतः दोनदा मोडला आणि मुलीनं दोन्ही वेळा पकडलं. गजरासाठी फोन लागतो ही सबब चालत नाही; गजराचं घड्याळ महाद्वार रोडवर कुठंही मिळतं.

दुपारी शाळेतून आल्यावर डुलकी घ्यायला हरकत नाही, पण वीस-तीस मिनिटं आणि चारच्या आत. परीक्षेच्या आदल्या रात्री जागू देऊ नका. दिवसभर वाचलेलं झोपेतच डोक्यात पक्कं बसतं, रात्र जागून पाठ केलेलं पेपर हातात आल्यावर आठवत नाही.

घरात शिफ्ट असेल तर

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या कितीतरी घरांचा हा प्रश्न आहे. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात बाबा रात्री साडेअकराला येतात आणि पोरगं त्यांच्यासाठी जागतं. त्यात प्रेम आहे, म्हणून मोडवत नाही. आमच्याकडं भेटीची वेळ बदलली: त्या आठवड्यात बाबा सहाला उठून रिक्षा येईपर्यंत धाकट्याबरोबर दूध-चपाती खातात, रिक्षा गेली की परत झोपतात. नाइट शिफ्टच्या आठवड्यात आतल्या खोलीच्या खिडकीला जाड चादर लावतो आणि दुपारी तिथं कुणी फिरकत नाही.

सणांत घसरणार, ते धरून चाला

गणपतीत आणि नवरात्रात वेळ पाळणं कोल्हापुरात शक्य नाही, आणि पाळूही नये. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, वर्षातले मोजके दिवस ती बारापर्यंत शिथिल होते, हे माहीत असू द्या. त्यापुढं डॉल्बी वाजली तर तक्रार करता येते. मिरवणुकीहून कितीही उशिरा आलात तरी दुसऱ्या दिवशी मुलाला नेहमीपेक्षा फार तर तासभर उशिरा उठवा, दुपारी छोटी डुलकी द्या आणि रात्री लवकर झोपवा. दोन दिवसांत गाडी रुळावर येते.

डॉक्टरकडं कधी जायचं

मूल आठवड्यातून तीन-चार रात्री घोरत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल, झोपेत श्वास अडकून दचकत असेल तर वाट बघू नका. लहान मुलांत टॉन्सिल किंवा नाकामागची ग्रंथी वाढल्यानं असं होतं आणि त्यावर उपचार आहेत. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी दवाखान्यात कान-नाक-घसा विभागात दाखवता येतं. झोपताना अस्वस्थ वाटून पाय सतत हलवत राहणं लोह कमी असल्यानंही असू शकतं, त्यासाठी रक्त तपासावं. बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं, किंवा पुरेसं झोपूनही मूल वर्गात पेंगत असेल, तरी दाखवा. मेलाटोनिनच्या गोळ्या स्वतःच्या मनानं आणून देऊ नका.

शाळा जूनच्या मध्यावर उघडते. सुट्टीतली पोरं दहाला उठत असतील तर उठायची वेळ मेच्या शेवटच्या आठवड्यापासूनच अलीकडं आणायला लागा, आणि सुरुवात रविवारी सकाळी करा, सगळे घरात असताना. आमच्या नव्या कॅलेंडरवर धाकट्याच्या चौकोनात दुधाच्या लिटरशेजारी 'नऊ-वीस, पावणेसहा' असं लिहिलेलं असतं. पावणेनऊ अजून गाठायचेत.