टेरेस म्हणजे गच्ची नव्हे

लंडनमध्ये पहिल्यांदा घर बघायला गेलो तेव्हा एजंट ‘जॉर्जियन टेरेस’ म्हणाला आणि मी मान वर करून गच्ची शोधत बसलो. इथे टेरेस म्हणजे एकाला एक चिकटलेल्या घरांची रांग, आणि जॉर्जियन म्हणजे अठराव्या शतकाच्या सुमारास, जॉर्ज नावाच्या राजांच्या काळात बांधलेली. चाळीसारख्या भिंती सामाईक, पण दार आणि जिना ज्याचा त्याचा. रांग कशी असते ते बघायचं तर ब्लूम्सबरीतल्या बेडफर्ड स्क्वेअरला एक चक्कर मारा. १७७५ ते १७८३ दरम्यान बांधलेल्या त्याच्या चारही बाजू अजून उभ्या आहेत.

भाडेकरारावर सही करण्याआधी समोरच्या फुटपाथवर उभं राहून घर नीट न्याहाळा. पहिल्या मजल्याच्या खिडक्या सगळ्यांत उंच, कारण दिवाणखाना तिथे. वर जाल तशा त्या बुटक्या होतात. माळ्यावर नोकर झोपायचे. तळघरात स्वयंपाकघर. तिथला फ्लॅट स्वस्त का, हे निराळं सांगायला नको.

खिडकीची चौकट विटांच्या मागे चार इंच सरकवलेली दिसेल. १६६६ च्या आगीत लंडन जळलं, त्याचा धडा घेऊन १७०९ मध्ये हा कायदा झाला, लाकडावरून आग पसरू नये म्हणून. छपरही कठड्यामागे दडलेलं. बऱ्याच घरांत ते मधोमध खोलगट असतं आणि सगळं पाणी त्या एका पन्हळीत येतं. ती पानांनी तुंबली की वरच्या मजल्याचं छत गळतं. म्हणून तिथला फ्लॅट बघताना छताच्या मध्यावर पिवळट डाग आहे का, ते आधी बघा.

भिंती भरीव विटांच्या, दर्जा म्हणजे विटांमधले सांधे चुन्याचे. चुना ओल शोषतो आणि बाहेर सोडतो. दर्जा सिमेंटने भरल्या की ओल आत अडकते आणि विटांचे पोपडे निघतात. मी स्वतः पहिल्या हिवाळ्यात गार वारा येतो म्हणून हवेची जाळी चिकटपट्टीने बंद केली, वर आत कपडे वाळत घातले. फेब्रुवारीत कपाट हलवलं तर मागची भिंत बुरशीने काळीकुट्ट, आणि लग्नातला शेलाही गेला!

भोकं पाडताना, काही बदलताना मालकाला विचारा. वारसा म्हणून नोंदलेल्या घरात विनापरवाना फेरफार हा गुन्हा आहे. परवानगीचं प्रकरण एरवीही सोपं नसतं. लंडनमधलंच किंग हेन्रीज रोडवरचं घर, जिथे १९२१-२२ मध्ये बाबासाहेब राहिले, ते महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये घेतलं. पण तिथे संग्रहालय ठेवायची परवानगी कौन्सिलने नाकारली आणि ती मिळेपर्यंत २०२० उजाडलं. आपल्या खिळ्याची काय कथा.

खिडकीच्या दोन झडपा वर-खाली सरकतात, चौकटीत लपलेल्या लोखंडी वजनांच्या दोरीवर. बहुतेक जण फक्त खालची उघडतात. फोडणी घालण्याआधी वरचीही वीतभर खाली ओढा. धूर वरून जातो, गार हवा खालून येते, अलार्म वाजत नाही.