बोंडवाच्या रसात साखर शोधताना

शर्करा गोडीवरून ओळखू नका. तिचे अणू कसे जोडलेले आहेत, त्यावरून ती ओळखायची. मी डिचोलीत नववी-दहावीला विज्ञान शिकवते आणि हे प्रकरण नेहमी मार्च-एप्रिलात घेते, कारण तेव्हा काजूचे बोंडू हाताशी असतात.

शाळेच्या प्रयोगशाळेतून बेनेडिक्टचं निळं द्रावण घ्या. त्यात मोरचूद (कॉपर सल्फेट), सोडियम सायट्रेट आणि सोडियम कार्बोनेट असतं; निळा रंग तांब्याचा. तीन परीक्षानळ्यांत प्रत्येकी ५ मिली द्रावण घाला. पहिलीत बोंडवाचा गाळलेला रस दहापट पाणी घालून, दुसरीत साखरेचं पाणी, तिसरीत नुसतं पाणी, प्रत्येकी आठ-दहा थेंब. ही तिसरी नळी वगळू नका. तिच्याशी ताडून पाहिल्याशिवाय बाकीच्या दोन नळ्यांचा रंग काहीच सिद्ध करत नाही. आता नळ्या उकळत्या पाण्याच्या भांड्यात पाच मिनिटं उभ्या ठेवा. थेट ज्योतीवर धरल्या तर द्रावण उसळून तोंडावर येतं. चष्मा हवाच.

बोंडवाची नळी आधी हिरवी, मग पिवळी, मग विटकरी होते आणि तळाशी तांबूस गाळ बसतो. साखरेची मात्र निळीच. मुलं हमखास विचारतात, “बाई, साखर तर जास्त गोड, मग असं कसं?”

प्रश्न अगदी नेमका आहे. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोघांचंही सूत्र C₆H₁₂O₆, फक्त अणूंची मांडणी वेगळी. पाण्यात ग्लुकोजचं कडं अधूनमधून उघडतं आणि त्याचं मोकळं टोक तांब्याला इलेक्ट्रॉन देतं. तांब्याचा लाल ऑक्साइड होऊन खाली बसतो, तोच तो गाळ. फ्रुक्टोजही या अल्कधर्मी द्रावणात रूप बदलून हेच काम करतं. बोंडवाच्या रसात हे दोन्ही असतात. आपल्या डब्यातली साखर म्हणजे सुक्रोज, C₁₂H₂₂O₁₁: एक ग्लुकोज, एक फ्रुक्टोज, जोडताना पाण्याचा एक रेणू बाहेर. हात धरून फुगडी घालणाऱ्या दोघींसारखी यांची स्थिती असते. जी टोकं तांब्याला भिडायची, तीच एकमेकांत गुंतलेली.

ती सोडवायची कशी? साखरेच्या ५ मिली पाण्यात १ मिली विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घालून पाच मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवा. थंड झाल्यावर फसफस थांबेपर्यंत चिमटी-चिमटीने खाण्याचा सोडा घाला. आम्ल उरलं तर बेनेडिक्टची चाचणी बिघडते. मग पुन्हा तपासा. आता विटकरी रंग येतो. आम्लामुळे पाण्याचा रेणू परत आत शिरला आणि जोडी सुटली. भिरंडीच्या (कोकमाच्या) सरबतात साखर घालून बाटली ठेवून देतो ना, तिथेही आंबटपणामुळे हेच घडतं, फक्त फार सावकाश.

एक सावधगिरी. बोंडवात क जीवनसत्त्व भरपूर असतं आणि तेही तांब्याला इलेक्ट्रॉन देतं, गरम न करतासुद्धा. म्हणून नळी तापवण्याआधीच रंग हलतोय का ते पाहून वहीत लिहा. वापरलेलं द्रावण विहिरीकडे किंवा शेताच्या पाटात ओतू नका, तांबं माशांना मारक आहे. बाटलीत साठवून प्रयोगशाळेत द्या.

स्टार्चची चाचणी घरीही जमते. उकड्या तांदळाच्या पेजेची निवळ पूर्ण थंड करा आणि त्यात पाण्यात पातळ केलेल्या बेटाडिनचा (जखमेवर लावायच्या आयोडीनच्या औषधाचा) एक थेंब टाका. निळा-काळा रंग येईल: ग्लुकोजच्या लांब साखळीचा मळसूत्रासारखा पीळ असतो आणि आयोडीन त्यात अडकतं. निवळ गरम असेल तर पीळ सैल पडतो आणि रंग टिकत नाही. हीच चाचणी हिरव्या आणि पिकलेल्या सालदाटी जातीच्या केळ्याच्या कापावर करा. हिरवं काळं पडतं, पिकलेल्यावर डाग फिका राहतो, कारण पिकताना स्टार्च तुटून शर्करा झालेली असते. आयोडीनयुक्त मिठाने मात्र पेज निळी होणार नाही. मिठात आयोडीन पोटॅशियम आयोडेटच्या रूपात असतं आणि स्टार्चला ते रूप चालत नाही.

खनिजं जळत नाहीत, त्यांची ओळख इथूनच करा. अंगणात, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली, जुन्या स्टीलच्या चमच्यात चिमूटभर नाचणीचं पीठ पांढरट राख होईपर्यंत जाळा. कर्ब आणि हायड्रोजन हवेत गेले. चमच्यात कॅल्शियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, फॉस्फरस उरले. नंतर तिसऱ्याची (कालवणात घालतो त्या शिंपल्याची) धुतलेली शिंपली व्हिनेगरमध्ये टाका. बुडबुडे येतात, कारण शिंपली म्हणजे बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट. पानाचा चुना पाण्यात ढवळून, वरची निवळ गाळून घ्या आणि बुडबुड्यांचा वायू नळीने तिच्यात सोडा. ती दुधाळ होते, म्हणजे वायू कार्बन डायऑक्साइड. दुधाळपणा म्हणजे पुन्हा तेच कॅल्शियम कार्बोनेट.