घराचा प्लॅन आणि नगरपालिकेची परवानगी: आधी मोजणी आणा, मग बाकीचं

प्लॉट घेतला की माणूस पहिल्यांदा काय करतो, तर मोबाईलवर एलिव्हेशनचे फोटो बघत बसतो. आम्हीपण तेच केलं. २ गुंठ्यांचा प्लॉट, कागदावर ४० बाय ५४ फूट, झकास प्लॅन काढून घेतला आणि मग मोजणी आणली तर शेजाऱ्यांचं कंपाउंड दीड फूट आमच्यात! प्लॅन पुन्हा, त्याचे पैसे पुन्हा, आणि शेजाऱ्यांशी बोलणं बंद झालं ते वेगळंच.

म्हणून पहिलं काम भूमी अभिलेखला मोजणीचा अर्ज. मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा, खुणा तुमच्यासमोर करून घ्या आणि मग क प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा) ताब्यात घ्या. सोबत सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, खरेदीखत, असेल तर एनएची (बिगरशेतीची) ऑर्डर, मंजूर लेआउट लागतो. नगररचनाकडून झोन दाखला पण काढा, कारण प्लॉट रहिवासी झोनमध्ये आहे का आणि त्यातून डीपी रोड (शहराच्या विकास आराखड्यातला रस्ता) जातोय का ते तिथंच कळतं. गुंठेवारीचा (मंजूर लेआउटशिवाय तुकडे पाडून विकलेला) प्लॉट असेल तर आधी नियमित करून घ्या.

आता लायसन असलेला इंजिनीअर किंवा आर्किटेक्ट गाठा. मुंबई आणि थोडे भाग सोडले तर राज्यात २०२० ची युडीसीपीआर ही बांधकामाची एकत्रित नियमावली चालते. दाट वस्ती सोडून बेसिक एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा) १.१, म्हणजे २ गुंठ्यांवर साधारण २,३९५ चौरस फूट, पण पुढचं-मागचं-साईडचं मार्जिन सोडल्यावर खाली किती जागा उरते ते त्याला आधी काढून दाखवायला सांगा, कारण आपल्या डोक्यातला मोठा हॉल तिथंच मरतो.

फाईल हा इंजिनीअरच महावास्तू या सरकारच्या बांधकाम परवानगीच्या पोर्टलवर टाकतो. छाननी शुल्क, विकास शुल्क आणि बांधकाम खर्चाच्या १ टक्का कामगार उपकर, असं भरावं लागतं (स्वतःच्या राहत्या घराचा खर्च ५० लाखांच्या आत असेल तर उपकर नाही, नोव्हेंबर २०२५ पर्यंत ही मर्यादा १० लाख होती). कायद्यात निर्णयाला ६० दिवस आहेत, पण १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला सोपी वाट आहे, इंजिनीअरने नियमात बसतंय असं लिहून दिलं आणि पैसे भरले की पावती हीच परवानगी. त्रुटी निघाली तर फोनवर ऐकू नका, लेखी मागा.

परवानगी १ वर्षाची, दरवर्षी रिन्यू करत एकूण ४ वर्षं चालते. जोतं झालं की प्लिंथ चेकिंग करून घ्या, त्याआधी भिंती चढवू नका. शेवटी भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे घर राहायला वापरायची परवानगी. हे बरेच लोक घेतच नाहीत, आणि घर विकताना गिऱ्हाईकाची बँक नेमकं तेच मागते.

आणि हो, मंजूर नकाशाची एक झेरॉक्स लॅमिनेट करून साईटवर टांगा, मिस्त्री स्लॅबच्या आदल्या दिवशी हमखास विचारतो, "साहेब, गॅलरी फूटभर पुढं घ्यायची का?"