झाकुलेचा छाप घेताय? आधी मागची बाजू मागा

चित्रकार पॉल झाकुले जन्माने पॅरिसचा, पण लहानपणीच जपानला गेला आणि १९६० मध्ये तिथेच वारला. १९३४ पासून त्याने अस्सल जपानी पद्धतीने लाकडी ठशांचे छाप काढले: दक्षिण समुद्रातल्या बेटांवरची माणसं, कोरियातले म्हातारे. रंग असे की बघताक्षणी पैसे काढावेसे वाटतात. नेमकं तिथेच फसायला होतं.

फक्त दर्शनी फोटोवर सौदा करू नका. ठशाचा रंग कागदात मुरतो, त्यामुळे मागून चित्र पुसट दिसतं आणि छापणाऱ्याने घासलेल्या चकतीच्या खुणाही सापडतात. मागची बाजू कोरी करकरीत आणि भिंगाखाली बारीक ठिपके दिसले, तर ते पुस्तकातून कापलेलं पान समजा. कागद उजेडासमोरही धरा. त्याच्या बऱ्याच छापांत वॉटरमार्क असतो.

एकाच चित्राच्या दोन प्रतींवर वेगळे शिक्के दिसले की नवखे लोक ‘नकली’ म्हणून मोकळे होतात. पेन्सिलीच्या सहीखालचे शिक्के झाकुले स्वतःच बदलत असे, कधी बदक, कधी फुलपाखरू. समास कापलेली प्रत मात्र मी स्वस्तातही घेत नाही. कोरणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचं नाव बहुधा समासातच असतं, तो छापाचा सातबारा. (हो, ठसे झाकुले स्वतः कोरत नसे. जपानी परंपरेत चित्रकार, कोरणारा आणि छापणारा वेगळेच असत.)

अभ्रकाची चमक असलेल्या भागावर कापड फिरवू नका, अगदी मऊसुद्धा. धूळ निघेल, सोबत चमकही.

सगळ्यात महागात पडते ती फ्रेम. माझा पहिला छाप एका फ्रेमवाल्याने हार्डबोर्डला फेव्हिकॉलने डकवून दिला, ‘सुरकुती नको म्हणून’! तो आजही तसाच आहे, सोडवायला गेलं तर फाटेल. आता माउंट आम्लरहित बोर्डाचा सांगते आणि छाप फक्त वरच्या दोन टोकांना, जपानी कागदाच्या पट्टीने, गव्हाच्या पातळ खळीवर टांगायला लावते. काच कागदाला टेकू देत नाही. मुंबई-कोकणात बाहेरच्या ओल्या भिंतीवर तर मुळीच लावू नका, एका पावसाळ्यात तपकिरी ठिपके उठतात. उन्हाची तिरीप येणारी भिंतही नको.