तुरुंगवासाच्या आठवणी रेकॉर्ड करताय? मग या चुका टाळा

18 जून, म्हणजे गोवा क्रांतिदिन, जवळ आला की पोरं मोबाईल घेऊन पोर्तुगीजांविरुद्ध लढलेल्या जुन्या सत्याग्रहींच्या घरी पोचतात. उत्साह चांगलाच आहे, पण दरवर्षी त्याच चुका, म्हणून वैतागून लिहितोय.

"1961 ला गोवा मोकळा झाला तेव्हा सगळे सुटले ना?" असं विचारू नका, आधी थोडं वाचून जा. गोवा मुक्तीसाठी लढलेले मोहन रानडे पोर्तुगालात लिस्बनजवळच्या तुरुंगात होते ते 1969 ला सुटले. आणि हुकूमशहा सालाझारने उभी केलेली राजवट पोर्तुगालात पडली 25 एप्रिल 1974 ला, म्हणजे आपण मोकळे झालो त्यानंतरही बारा वर्षं ती चालूच होती.

"किती मारलं हो?" हा पहिला प्रश्न तर नकोच. आग्वादच्या तुरुंगात जेवायला काय द्यायचे, घरचं पत्र यायचं का, इथून सुरू करा. घरच्या बायकांनाही विचारा, मागे शेतात भात कोणी लावला.

आता माझा खास राग. खबऱ्याचं नाव. डिचोलीकडच्या एका गावात आम्ही एका आजोबांशी दोन तास बोललो, मग जेवायला बसलो, आणि आमटी वाढता वाढता त्यांनी सहज सांगितलं की पोलिसांना खबर कोणी दिली. फोन चालूच राहिला होता. आमच्यातल्या एकाने रात्रीच ती क्लिप टाकली, "स्फोटक" वगैरे लिहून. सकाळी त्या खबर देणाऱ्याचा मुलगा माझ्या दारात, हातात बापाचे जुने कागद. बापाला स्वतःला पकडून दोन दिवस बडवलं होतं तेव्हा त्याने तोंड उघडलं होतं. आजोबांना हे माहीत होतं, म्हणाले, "जेवताना बोललो ते तुझ्या फोनासाठी नव्हतं रे." त्यानंतर ते कोणाशीच त्या विषयावर बोलले नाहीत. मी आता फोन बंद केल्यावर तो समोरच्याला दाखवतो, आणि नाव आलं तर दुसऱ्या बाजूचं ऐकल्याशिवाय ते बाहेर काढत नाही, मग लागू देत सहा महिने. घाई असेल त्याने रील करावी, हे काम करू नये.

ताम्रपट मिळाला म्हणजे न्याय मिळाला, असंही धरू नका. इथे छळासाठी कुप्रसिद्ध असलेल्या पोर्तुगीज पोलिस काझिमिरो मोंतेरोला पुढे शिक्षा सुनावली ती सालाझारचा विरोधक जनरल देल्गादोच्या 1965 च्या खुनासाठी, तीही तो हजर नसताना.

दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी राजवट संपल्यावर छळ करणाऱ्या सगळ्यांना माफ केलं, असंही कोणीतरी ठोकून देतो. तिथे अर्ज करून केलेलं सगळं खरं सांगावं लागायचं, आणि बरेच अर्ज फेटाळले गेले.

आणि हो, रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर नेमका कोठडीचा विषय निघाला की जावयाचा कॉल येतो.